जुने मराठी संकेतस्थळ शोधून पुन्हा वाचण्याजोगे कसे करावे: प्रथमच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

१९९९ साली मी मुलुंडच्या घरी बसून एक लहानसे मराठी संकेतस्थळ तयार केले होते. मध्य रेल्वेच्या लोकलने जाऊन ज्यांच्या पायथ्याशी पोहोचता येते असे किल्ले, त्यांच्या वाटा, गडावरची पाण्याची टाकी आणि परतीच्या गाड्यांच्या वेळा एवढाच त्याचा विषय होता. आसनगावहून माहुली, वांगणीहून चंदेरी, नेरळहून पेब, कर्जतहून कोथळीगड अशी मिळून अकरा पाने होती. गेल्या वर्षी भाचीने सहज विचारले, "मामा, ती तुमची साइट अजून कुठे आहे का हो?" तेव्हा माझ्या लक्षात आले की संकेतस्थळ तर दूरच, मला त्याचा पत्तासुद्धा आठवत नव्हता. पुढचे तीन महिने सुट्टीच्या दिवशी थोडे थोडे काम करून मी अकरापैकी नऊ पाने पूर्ण मिळवली, एक अर्धे मिळाले आणि एक कायमचे गेले.

या तीन महिन्यांतला निम्म्याहून अधिक वेळ कामाचा क्रम चुकल्यामुळे वाया गेला, म्हणून हे लिहीत आहे. या विषयावरची इंग्रजी मार्गदर्शने पान सापडले की थांबतात, परंतु मराठी पानाचे खरे काम तिथून पुढे सुरू होते. त्या काळातले बहुतेक मराठी मजकूर युनिकोडमध्ये (सर्व लिपींची अक्षरे साठवण्याच्या आजच्या समान पद्धतीत) नव्हते, त्यामुळे सापडलेले पान उघडल्यावर आपल्याच हातचा मजकूर आपल्याला वाचता येत नाही. ज्यांनी साधारण १९९६ ते २००५ या काळात स्वतःचे एखादे पान तयार केले होते आणि ज्यांना आज संगणकाची बेताचीच माहिती आहे, अशांना डोळ्यांसमोर ठेवून पुढील टप्पे मांडले आहेत.

हाताशी काय असावे

- जुने बायोडेटा, व्हिजिटिंग कार्डे, डायऱ्या आणि ईमेलच्या छापील प्रती
- घरात असतील त्या फ्लॉपी, सीडी आणि जुनी हार्ड डिस्क
- यूएसबीला जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह (साडेतीन इंची, १.४४ एमबी), सीडी वाचणारा ड्राइव्ह आणि आयडीई हार्ड डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर, घरातल्या वस्तूंनुसार यांपैकी लागेल तेवढेच घ्यावे
- नोटपॅड किंवा नोटपॅड++ यांसारखा साधा एडिटर (वर्ड नव्हे; त्याचे कारण पुढे सांगितले आहे)
- जमल्यास त्या काळी वापरलेल्या मराठी फॉन्टची फाइल
- एक वही

वही मी गंमत म्हणून लिहिलेली नाही. कोणता पत्ता तपासला, कोणत्या तारखेची प्रत उतरवली आणि कोणत्या फ्लॉपीवर काय सापडले हे लिहून ठेवले नाही, तर दोन आठवड्यांनी तेच काम आपण पुन्हा करत बसतो.

१. आधी पत्ता शोधावा

आज आपल्याला सगळे शोधयंत्रात मिळते अशी सवय झाली आहे, त्यामुळे पहिली चूक तिथेच होते. बंद पडलेले संकेतस्थळ शोधयंत्राला सापडत नाही आणि जालावरची पाने साठवून ठेवणाऱ्या संग्रहातली जुनी पाने ते सहसा दाखवत नाही. संग्रहात शिरण्याची खरी किल्ली म्हणजे पानाचा नेमका पत्ता.

विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले केले. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्याकडच्या हौशी मंडळींची पाने प्रामुख्याने जिओसिटीज, ट्रायपॉड आणि एंजलफायर या अमेरिकी मोफत सेवांवर किंवा विदेश संचार निगमाने ग्राहकांना दिलेल्या जागेवर असत. प्रत्येकाच्या पत्त्याची ठेवण वेगळी होती आणि ती माहीत असली की अर्धवट आठवणारा पत्ता पुरा करता येतो.

जिओसिटीजने आपल्या जागेचे 'मोहल्ले' पाडले होते. संगणकाच्या पानांना सिलिकॉन व्हॅली, चित्रपटांच्या पानांना हॉलिवूड, विज्ञानकथांना एरिया ५१ आणि डोंगरभटक्यांना योसेमिटी. पत्त्यात मोहल्ल्याचे नाव, बहुधा त्यातल्या उपवस्तीचे नाव आणि शेवटी घर क्रमांकासारखा चार आकडी क्रमांक येई. याहूने १९९९ मध्ये जिओसिटीज विकत घेतल्यानंतर नवीन पत्त्यांत मोहल्ला जाऊन थेट सदस्यनाम आले, म्हणून एकाच पानाचे दोन पत्ते असू शकतात आणि दोन्ही तपासावे लागतात. ट्रायपॉडच्या जुन्या पत्त्यात नावाआधी नागमोडी रेघ असे. एंजलफायरच्या पत्त्यात बहुधा दोन अक्षरी खूण असे आणि आपल्यातल्या अनेकांनी भारत म्हणून 'आयएन' निवडले होते. वास्तविक ती खूण अमेरिकेच्या इंडियाना राज्याची होती. विदेश संचार निगमाच्या पत्त्यांची सुरुवात 'पर्सनल', 'एज्युकेशन' किंवा 'बिझनेस' या शब्दांपैकी एकाने होत असे.

पत्ता कुठे सापडतो? स्वतःच्या जुन्या ईमेलच्या तळाशी, पहिल्या नोकरीच्या बायोडेटात किंवा आपल्या पानाचा दुवा देणाऱ्या मित्राच्या पानावर. माणसांनी निवडलेल्या संकेतस्थळांची डीमॉझ नावाची मोठी सूची २०१७ मध्ये बंद झाली, तरी तिची प्रत जालावर पाहता येते आणि तिच्यात मराठीचा विभागही आहे. मला मात्र पत्ता यांपैकी कुठेही मिळाला नाही. तो मिळाला एका फ्लॉपीवर, आणि त्यासाठी दुसरा टप्पा.

२. घरातली जुनी साधने उघडावीत, पण घाईने नव्हे

मुंबईच्या हवेत फ्लॉपीचा पहिला शत्रू बुरशी. फ्लॉपीचा धातूचा सरकता पडदा बोटाने अलगद बाजूला करून आतली तपकिरी चकती उजेडात धरावी आणि मधली गोल पट्टी हळूच फिरवत पाहावे. पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नये, कारण बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्याला चिकटते आणि त्यानंतर घातलेली प्रत्येक चांगली फ्लॉपीही ते खरवडते. माझ्या सात फ्लॉपींपैकी दुसरीच बुरसटलेली होती आणि ती मी न पाहता घातली. तिसरी फ्लॉपी त्यामुळेच गेली आणि वर उल्लेखलेले कायमचे गेलेले पान तिच्यावर होते. चकतीवर ओरखड्याचे एक बारीक, चकचकीत वर्तुळ उमटले होते.

फ्लॉपी घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी करावी, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. संगणकाने "डिस्क फॉरमॅट करायची का?" असे विचारले तर कोणत्याही परिस्थितीत नकार द्यावा. हा प्रश्न म्हणजे संगणकाला ती डिस्क वाचता आली नाही एवढाच अर्थ असतो. सीडी पुसायची असल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून पुसू नये.

जुना संगणक अजून माळ्यावर असेल तर तो थेट विजेला जोडण्याचा मोह टाळावा. वीस वर्षे बंद असलेला वीजपुरवठ्याचा डबा बिघडलेला असू शकतो. हार्ड डिस्क बाहेर काढून अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडणे अधिक सुरक्षित असते. फक्त साडेतीन इंची जुन्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, म्हणून अडॅप्टरसोबत स्वतंत्र वीजपुरवठा आहे ना, हे विकत घेतानाच पाहावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ही सगळी साधने मिळतात, मात्र दुकानात प्रत्यक्ष जोडून दाखवायला सांगावे. ज्यांच्या तळमजल्यावरच्या घरात २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी शिरले होते, त्यांनी तेव्हा भिजलेली डिस्क घरी चालू करून पाहू नये. ती सरळ डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे द्यावी. देताना "डिस्कवर काहीही लिहायचे नाही, विंडोज टाकायचे नाही" असे कागदावर लिहून द्यावे. माझ्या एका मित्राची डिस्क एका दुकानातून नवे विंडोज टाकून, स्वच्छ होऊन परत आली.

डिस्क वाचता आली की सर्वप्रथम तिच्यातले सगळे जसेच्या तसे नव्या संगणकावर उतरवून घ्यावे, विषाणू तपासावेत आणि मूळ साधन बाजूला ठेवावे. पुढचे सारे काम प्रतीवर करावे.

आता काय शोधायचे? 'इंडेक्स' नावाची एचटीएम किंवा एचटीएमएल फाइल, हे तर उघडच आहे. पाने बनवण्याच्या फ्रंटपेज या प्रोग्रॅममध्ये काम केले असल्यास 'व्हीटीआय' या अक्षरांची नावे असलेल्या लपलेल्या फोल्डरांत पाने केव्हा बदलली याच्या नोंदी सापडतात. पण सर्वांत मोलाची फाइल म्हणजे डब्ल्यूएस-एफटीपी या त्या काळच्या लोकप्रिय प्रोग्रॅमने पाने चढवताना आपणहून त्याच फोल्डरमध्ये टाकलेली लॉग फाइल. तिच्यात प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, आपल्या संगणकावरच्या फाइलचे नाव आणि ती कोणत्या सर्व्हरवर कुठे चढवली याची नोंद असते. माझ्या पाचव्या फ्लॉपीवर पानांपैकी एकही नव्हते, फक्त किल्ल्यांची सहा छायाचित्रे आणि ही लॉग फाइल होती. त्या फाइलने मला सर्व्हरचे नाव, फोल्डर आणि सर्व अकरा पानांची नेमकी नावे दिली. नेमकी म्हणजे अक्षरशः नेमकी, लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांसह, आणि त्याचे महत्त्व पुढे कळेल.

३. संग्रहात पान शोधावे

इंटरनेट अर्काइव्ह ही सॅन फ्रान्सिस्कोतली ना-नफा संस्था १९९६ पासून जालावरची पाने साठवत आली आहे आणि २००१ पासून तिचे वेबॅक मशीन सर्वांना मोफत खुले आहे. तिच्या शोधचौकटीत पूर्ण पत्ता लिहिला की वर्षांची पट्टी आणि दिनदर्शिका दिसते. ज्या दिवशी पान साठवले गेले त्या दिवसावर टिंब असते.

येथे एक युक्ती अवश्य लक्षात ठेवावी. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आणि तारांकन दिले तर त्या पत्त्याखाली साठवलेल्या सर्व फाइलींची यादी मिळते. मुखपृष्ठ साठवलेले नसले तरी आतली पाने साठवलेली असू शकतात, आणि मुखपृष्ठ नाही म्हणून निराश होऊन परतणारे या यादीपर्यंत पोहोचतच नाहीत. माझे मुखपृष्ठ केवळ २००३ चे सापडले, पण यादीत माहुलीचे पान २००१ चे होते.

जिओसिटीजबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. ही सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली. बंद होण्यापूर्वीच्या महिन्यांत अर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाने आणि इतरांनी जमतील तेवढी पाने उतरवून घेतली. त्या धडपडीतून ऊसिटीजसारखी प्रतिबिंबस्थळे उभी राहिली. तेथे मूळ पत्त्यातले जिओसिटीजचे नाव काढून त्या स्थळाचे नाव घातले आणि पुढचा भाग तसाच ठेवला की पान उघडू शकते. पत्त्यातली लहान-मोठी अक्षरे मूळ पत्त्याप्रमाणेच लिहावीत. वेबॅक मशीनमध्ये नसलेली माझी दोन पाने अशाच एका ठिकाणी मिळाली.

स्वतःच्या नावाचे डॉट कॉम घेतलेल्यांनी वेगळी काळजी घ्यावी. नूतनीकरण चुकलेले नाव ठरावीक मुदतीनंतर पुन्हा विक्रीला येते आणि कोणीही ते घेऊ शकतो. आज त्या पत्त्यावर जुगाराचे पान उघडत असेल, तर ते उघडत बसण्यात अर्थ नाही. तोच पत्ता वेबॅक मशीनमध्ये घालून आपल्या काळातली वर्षे पाहावीत.

दोन सापळे. पहिला असा की, वेबॅक मशीन दाखवते ते पान एका क्षणाचे छायाचित्र नसते. मजकूर एका तारखेचा आणि चित्र दुसऱ्या तारखेचे असू शकते, कारण चित्र त्याच दिवशी साठवलेले नसेल तर सर्वांत जवळच्या तारखेचे लावले जाते. मी आळसाने दरवेळी चित्राला 'फोटो१' असेच नाव देऊन जुन्यावर नवे चढवत असे, म्हणून २००१ च्या पेबच्या पानावर मला २००३ मधले माहुलीचे सुळके दिसत होते आणि मी बराच वेळ स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत होतो. दुसरा सापळा वेळेचा आहे. पत्त्यात दिसणारा चौदा आकडी क्रमांक म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद. पण ती वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ असते, भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावेत.

अभ्यागत-वही, भेटींची संख्या मोजणारा आकडा, मतचाचणी या गोष्टी सर्व्हरवर चालत असल्याने त्या सहसा मिळत नाहीत. त्यांच्यामागे वेळ घालवू नये.

४. पान उतरवून घ्यावे, मूळ बाइटांसह

पान सापडल्याच्या आनंदात बहुतेक जण मजकूर निवडून कॉपी करतात आणि वर्डमध्ये चिकटवतात. मीही तेच केले आणि चार दिवसांची मेहनत फुकट गेली.

वेबॅक मशीन पानाला स्वतःची पट्टी जोडते आणि आतले दुवे बदलते. हे टाळण्यासाठी पत्त्यातल्या चौदा आकड्यांच्या लगेच पुढे, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी लहान लिपीत आय, डी आणि अधोरेखा ही तीन चिन्हे लिहावीत. मग पान साठवले गेले तसेच, काहीही न जोडता मिळते. ते 'सेव्ह' करताना 'केवळ एचटीएमएल' हा पर्याय निवडावा. चित्रेही एकेक करून अशीच उतरवावीत. पाने शंभराच्या पुढे असतील तरच स्वयंचलित प्रोग्रॅमच्या वाटेला जावे.

उतरवलेल्या फाइलींचे एक फोल्डर 'मूळ' या नावाने ठेवून त्याला हात लावू नये आणि त्याची प्रत काढून तिच्यावर काम करावे.

५. मराठी कोणत्या फॉन्टमध्ये होते ते ओळखावे

आता पान उघडल्यावर दिसेल ते मराठी नसेल. विंडोज ९८ ला देवनागरी युनिकोड येत नव्हते. विंडोजमध्ये ती सोय विंडोज २००० पासून, मंगल फॉन्टसोबत आली. त्यापूर्वी फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. फाइलीत इंग्रजी अक्षरेच असत आणि त्यांच्यावर फॉन्टचा मुखवटा चढला की मराठी दिसे. मुखवटा आज आपल्या संगणकावर नाही, म्हणून खालचा चेहरा उघडा पडतो.

कोणता मुखवटा होता ते ओळखण्याचा सरळ मार्ग असा: पान उघडून कंट्रोल आणि यू या कळा दाबाव्यात, म्हणजे पानाचा स्रोत दिसतो. त्यात 'फॉन्ट फेस' हे शब्द शोधावेत. त्यांच्या पुढच्या अवतरणचिन्हांत फॉन्टचे नाव असते, जसे शिवाजी, शुषा, किरण, डीव्ही-टीटीयोगेश किंवा डीव्ही-टीटीसुरेख.

नाव मिळाले नाही तर मजकुराच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधता येतो. साधी रोमन अक्षरे, त्यांत मध्येच मोठी अक्षरे आणि चौकोनी कंस दिसत असतील तर शिवाजी किंवा शुषा घराण्याचा संशय घ्यावा. या घराण्यात 'मुंबई' हा शब्द एम, ए, यू, मोठा एम, बी, ए, उघडा चौकोनी कंस आणि आडवी रेघ असा साठवलेला दिसतो. येथे लहान एम म्हणजे अर्धा म, ए म्हणजे त्याला पुरा करणारा काना आणि मोठा एम म्हणजे अनुस्वार. याउलट डोक्यावर टिंबे आणि मात्रा असलेली, फ्रेंच-जर्मन वाटणारी अक्षरे सर्वत्र दिसत असतील तर तो सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या डीव्ही-टीटी घराण्यातला किंवा तत्सम फॉन्ट असण्याची शक्यता अधिक. खात्रीसाठी पानावर हमखास असणारा शब्द धरावा. माझ्या पानांवर 'किल्ला' आणि 'लोकल' हे शब्द प्रत्येक परिच्छेदात होते, त्यामुळे सतत परतून येणारा अक्षरसमूह कोणता ते पाहून मला कुलूप उघडता आले.

वर्डबद्दल मघाशी जे म्हटले त्याचे कारण आता स्पष्ट होईल. वर्ड वाक्याचे पहिले अक्षर आपणहून मोठे करतो. शिवाजीच्या मजकुरात लहान एमचा मोठा एम झाला की 'म'चा अनुस्वार होतो. सरळ अवतरणचिन्हे तो वाकडी करतो, तेव्हा आणखी एखादे अक्षर बदलते. डीव्ही-टीटीच्या मजकुरात तर काही तुकडे न दिसणाऱ्या चिन्हांच्या जागी बसलेले असतात आणि कॉपी करताना ते गळून पडू शकतात. फाइल चुकीच्या संकेतनाने (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीने) उघडून जतन केल्यावर काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हे दिसू लागली, तर तेथील मूळ अक्षर त्या प्रतीतून कायमचे गेले असे समजावे. 'मूळ' फोल्डर यासाठीच आहे.

काहींच्या पानांवर मराठी मजकूर चित्ररूपात असेल. ते वाचून पुन्हा टंकित करणेच बरे. रोमन लिपीत आयट्रान्स पद्धतीने लिहिलेल्यांचे काम सर्वांत सोपे, कारण ते तसेही वाचता येते.

६. युनिकोडमध्ये रूपांतर करावे

ब्राउझरमध्येच चालणारे, जुन्या फॉन्टचे युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर विनामूल्य मिळतात. आपल्या फॉन्टच्या नेमक्या नावाचा कन्व्हर्टर निवडावा; शिवाजी ०१ आणि शिवाजी ०२ यांना एकच धरू नये. आधी एक परिच्छेद रूपांतरित करून पाहावा आणि समाधान झाल्यावरच पुढे जावे. कन्व्हर्टरमध्ये अख्खी एचटीएमएल फाइल ओतू नये, कारण त्याला टॅग (पानाची मांडणी सांगणाऱ्या, कोनी कंसांतल्या खुणा) आणि मजकूर यांतला फरक कळत नाही. तो टॅगांचेही मराठी करून टाकतो. फॉन्टच्या टॅगमधला मराठी भागच घ्यावा, इंग्रजीतले दूरध्वनी क्रमांक आणि ईमेल पत्ते वगळावेत.

कोणताही कन्व्हर्टर शंभर टक्के अचूक नसतो आणि त्याच्या चुका ठरलेल्या जागी होतात. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे टंकलेखन यंत्राप्रमाणे दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असत. 'किल्ला' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे आधी क आणि मग वेलांटी येते. रफाराचे उलटे आहे: 'दुर्ग'चा रफार जुन्या फॉन्टमध्ये ग नंतर येई, युनिकोडमध्ये तो ग च्या आधी असावा लागतो. कन्व्हर्टरने ही अदलाबदल केली नाही की 'दुर्ग'चे 'दुगर्' होते. पूर्ण मजकुरात शब्दाच्या शेवटी आलेला 'र्' शोधावा, अशा बऱ्याच चुका एका दमात सापडतात.

खास मराठीची अडचण म्हणजे 'ऱ्य'. हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरला हा अर्धा र ठाऊक नसतो, त्यामुळे 'पायऱ्या'चे 'पायर्या' आणि 'दऱ्या'चे 'दर्या' होते. किल्ल्यांच्या पानांवर पायऱ्या आणि दऱ्या किती असाव्यात याची कल्पना वाचकांनी करावी. मी त्या एकशे चाळीस ठिकाणी हाताने दुरुस्त केल्या. युनिकोडमध्ये हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिता येते आणि दिसायला दोन्ही सारखीच असतात, पण एकाने शोधल्यास दुसरे सापडत नाही. आपल्या सर्व पानांवर एकच प्रकार ठेवावा. 'ॲ'चेही तसेच: हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यापूर्वी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत.

सर्व मजकूर एकदा मोठ्याने वाचून घ्यावा. शक्यतो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा, कारण आपण आपलेच लेखन आठवणीने वाचतो आणि चूक दिसत नाही. भाचीने वाचताना "मामा, 'गडावर पाणी नाही' की 'गडावर पाणी आहे'?" असे विचारले, तेव्हा एका ओळीतला एक शब्द गळाल्याचे लक्षात आले. ही चूक छापली गेली असती तर एखाद्याला उन्हाळ्यात महागात पडली असती.

७. खासगी माहिती काढावी

१९९९ मध्ये आपण फारच भोळे होतो. माझ्या पानावर घरचा पूर्ण पत्ता, सात आकडी दूरध्वनी क्रमांक, जन्मतारीख आणि बरोबर आलेल्या सहा मित्रांची नावे होती. सात आकडी क्रमांक आता निरुपयोगी असेल असे समजू नये; मुंबईतल्या जुन्या क्रमांकांच्या पुढे २ लावला की तो बहुधा आजचा होतो. पुन्हा प्रकाशित करण्यापूर्वी ही माहिती काढावी आणि छायाचित्रांतल्या मित्रांना विचारावे. एकाने नकार दिला, त्याचे छायाचित्र मी काढले. वर्तमानपत्रांतली कात्रणे किंवा दुसऱ्याच्या कविता त्या काळी बिनदिक्कत लावल्या जात, त्याही वगळाव्यात. संग्रहातले मूळ पानच हटवावे असे वाटत असेल, तर पानाचे पत्ते आणि ते आपले असल्याचा पुरावा देऊन इंटरनेट अर्काइव्हला ईमेलने विनंती करता येते.

८. नवी जागा द्यावी

स्थिर पानांसाठी गिटहब पेजेस किंवा निओसिटीज यांवर विनामूल्य जागा मिळते. चढवण्यापूर्वी प्रत्येक पानात पुढील बदल करावेत. जुना 'फॉन्ट फेस' काढावा आणि संकेतन यूटीएफ-८ (युनिकोडचेच एक रूप) असल्याचे पानाच्या शिरोभागात लिहावे. भाषेची खूण 'एमआर' अशी द्यावी, कारण ती दिल्यास काही फॉन्ट श आणि ल ही अक्षरे मराठी वळणाने दाखवतात. मी मुंबईच्याच एक टाइप या समूहाचा मुक्ता हा मुक्त परवान्याचा फॉन्ट वापरला. जिओसिटीजने पानाच्या तळाशी घुसवलेला जाहिरातीचा कोड आठवणीने खुडावा.

चढवल्यानंतर अर्धी चित्रे दिसली नाहीत तर घाबरू नये. विंडोजला फाइलीच्या नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांशी देणेघेणे नसते, पण या सर्व्हरांना असते, त्यामुळे पानात एक आणि फाइलीला दुसरे असे नाव असल्यास चित्र तुटते. माझ्या लॉग फाइलीतली नेमकी नावे येथे कामी आली. पार्श्वसंगीत आणि फ्लॅशची हलती चित्रे सोडून द्यावीत. फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झाले. सरकता मजकूर मात्र आजही ब्राउझरमध्ये सरकतो आणि मी तो ठेवला आहे, जरी भाचीला तो पाहवत नाही.

सर्व पाने मोबाइलवर उघडून पाहावीत, नंतर वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाऊ' या सोयीने प्रत्येक पानाची नवी प्रत संग्रहात घालावी. पान मूळ केव्हा लिहिले आणि केव्हा दुरुस्त केले या दोन्ही तारखा तळाशी स्पष्ट द्याव्यात. माझ्या पानांवर त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: गाड्यांच्या वेळा १९९९ च्या आहेत, त्यांवर विसंबून कोणीही पहाटे फलाटावर जाऊन उभे राहू नये.